घोडा कोणाचा? अमेरिकन यादवी युद्धांतील घोडदळ

घोडदळाचें नांव निघालें कीं मनश्चक्षूंपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें : उपसलेल्या तलवारी, उधळलेली धूळ आणि शत्रूच्या फळीवर तुटून पडणारी स्वारांची लाट. नेपोलियनच्या काळीं या चित्रांत पुष्कळ तथ्य होतें. परंतु एकोणिसाव्या शतकांतील अमेरिकेच्या युद्धांचा इतिहास चाळूं लागावें, तों हें चित्र पानागणिक पुसट होत जातें. तेथेंहि घोडदळानें निकाल लावले, पण ते तलवारीच्या जोरावर क्वचितच. दाणा, वैरण, नाल आणि मेलेल्या घोड्याच्या जागीं नवा घोडा मिळण्याची सोय यांचा वाटा त्यांत फार मोठा होता.

१८१५ नंतर काटकसरीच्या नांवाखालीं अमेरिकेनें आपलें घोडदळ मोडून टाकलें होतें. पुढें पश्चिमेकडील विस्तीर्ण माळावर घोड्यावरून वावरणाऱ्या मूळ रहिवाशांशीं गांठ पडूं लागली, पायदळाला त्यांचा माग काढतां येईना, तेव्हां १८३३ सालीं घोडदळाचा एक कायम रिसाला उभारण्यांत आला. १८६१ सालीं गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील राज्यें फुटून निघालीं व यादवी पेटली, त्या वेळीं साऱ्या देशांत मिळून अवघे पांच रिसाले होते. त्यांपैकीं एकांत रॉबर्ट ली हा लेफ्टनंट कर्नल म्हणून राहिलेला होता. दुसऱ्यांत जेब स्टुअर्ट हा तरुण अधिकारी होता. दोघेहि पुढें दक्षिणेच्या पक्षास मिळाले. तिसरा एक अधिकारी जॉर्ज मॅक्लेलन. त्यास सरकारनें १८५५ सालीं युरोपांत क्रिमियाचें युद्ध पाहण्यास धाडलें होतें. तिकडून आल्यावर त्यानें सुचविलेलें खोगीर सैन्यानें १८५९ सालीं स्वीकारलें. सेनापति म्हणून त्याच्या कीर्तीला पुढें बराच तडा गेला. खोगीर मात्र घोडदळाच्या अखेरीपर्यंत टिकलें.

युद्ध थोडक्यांत आटोपेल आणि चांगला स्वार तयार होण्यास तर वर्षें लागतात, म्हणून घोडदळावर फार पैसा घालूं नये, असें उत्तरेच्या संघराज्याचा वृद्ध सरसेनापति विनफील्ड स्कॉट याचें मत होतें. त्यांत चूक एवढीच झाली कीं युद्ध चार वर्षें चाललें.

तलवारीचा हल्ला या भूमींत कां फसला, याचें कारण बंदुकीच्या नळींत आहे. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची गोळी शंभर यार्डांपलीकडे नेमकी लागत नसे. नव्या बंदुकींच्या नळींत आंतून पेंच पाडलेले असत. त्यामुळें तीनशें यार्डांवरूनहि नेम धरतां येऊं लागला. पूर्वीं एखादी बार झडेपर्यंत स्वार पायदळाच्या फळीशीं भिडत. आतां तेवढ्याच वाटेंत त्यांना अनेक बार खावे लागत. त्यांत व्हर्जिनियाचा मुलूख दाट रानाचा, ओढ्यांचा व शेतोशेतीं लांकडी कुंपणांचा. २७ जून १८६२ रोजीं गेन्स मिल येथें सायंकाळच्या धुरांत सुमारें अडीचशें स्वारांना पायदळावर घालण्यांत आलें. आघाडीचे अधिकारी जवळजवळ सारे पडले किंवा जायबंदी झाले, आणि साधलें कांहींच नाहीं. पुढच्या वर्षीं गेटिसबर्ग येथें, लढाईच्या तिसऱ्या दिवशीं, किलपॅट्रिक या सेनानीनें फार्न्सवर्थ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यास दगडी बांधांनीं व खडकांनीं भरलेल्या जमिनींतून हल्ला करण्याची आज्ञा दिली. फार्न्सवर्थनें हरकत घेतली, पण आज्ञा पाळली, आणि तो तेथेंच मारला गेला. चित्रकारांना असे प्रसंग प्रिय असतात. युद्धाला त्यांचा फारसा उपयोग झाला नाहीं.

खरा भेद निराळा होता आणि तो मराठी माणसास चटकन् उमगेल असा आहे. मराठ्यांच्या लष्करांत शिलेदार व बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. बारगीर सरकारी पागेंतील घोड्यावर बसे. शिवछत्रपतींनीं शिलेदारांपेक्षां पागेचा भर अधिक ठेवला होता, हें सर्वश्रुत आहे. अमेरिकेच्या यादवींत दक्षिणेचे स्वार हे बहुतेक शिलेदार होते, आणि उत्तरेचे बहुतेक बारगीर. दक्षिणेचा स्वार आपला घोडा घरून आणी. त्याबद्दल सरकार त्यास दिवसाला चाळीस सेंट देई. घोडा प्रत्यक्ष लढाईंत मेला तर त्याची किंमत भरून मिळे. पण तो दमून कोसळला, रोगानें गेला किंवा शत्रूच्या हातीं लागला, तर तें नुकसान स्वाराचें. मग त्यानें रजा घेऊन घरीं जावें आणि दुसरा घोडा पैदा करावा, नाहीं तर पायदळांत नांव घालावें.

पहिलीं दोन वर्षें ही पद्धत फार फायद्याची ठरली. खेड्यांतील मुलगा आपल्याच घोड्यावर आला, कीं त्याला बसावयास शिकविण्याची गरज नसे, आणि जनावर स्वतःचें म्हणून तो त्याची निगा जिवापाड राखी. जून १८६२ मध्यें स्टुअर्टनें सुमारें बाराशें स्वारांनिशीं मॅक्लेलनच्या साऱ्या सैन्याला वळसा घातला. चार दिवसांत रसद जाळली, कैदी व जनावरें पकडलीं आणि अवघा एक माणूस गमावून तो परतला. दक्षिणेंत त्याचा जयजयकार झाला. अशा रपेटींत घोडीं किती झिजलीं, हें त्या वेळीं कोणी विचारलें नाहीं.

उत्तरेकडे आरंभीं अंधेरच होता. शहरांतील कारकून व गिरणींतील कामकरी सरकारी घोड्यावर चढले. पाठीला खोगिराचे घट्टे पडले तरी त्यांस उमजत नसे, घोड्याची निगा कशी राखावी हें ठाऊक नसे. पहिल्या दोन वर्षांत घोडदळासाठीं सुमारें दोन लक्ष चौऱ्याऐंशी हजार घोडे पुरविण्यांत आले. रणांगणांतील स्वारांची संख्या मात्र या काळांत कधींच साठ हजारांवर गेली नाहीं. म्हणजे दर स्वारामागें चाराहून अधिक घोडे गेले! नियमाप्रमाणें एका घोड्यास रोज बारा रत्तल दाणा व चौदा रत्तल गवत लागे. दहा हजार स्वारांच्या फौजेस नुसता दाणाच रोजचा एक लक्ष वीस हजार रत्तल. हा खर्च सोसूं शकणारें सरकार एकच होतें, आणि तें उत्तरेचें.

तें सोसतां सोसतां शहाणेंहि झालें. फेब्रुवारी १८६३ मध्यें सेनापति हूकर यानें तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलें घोडदळ एकत्र करून त्याची स्वतंत्र सेना बनविली. त्याच वर्षीं घोडदळाचें निराळें खातें निघालें आणि वॉशिंग्टनजवळ गीझबरो येथें तीस हजार घोडे राहतील एवढी प्रचंड पागा उभी राहिली. थकलेले व आजारी घोडे तेथें आणून उपचार करीत, बरे झाले कीं पुन्हां फौजेंत पाठवीत. ९ जून १८६३ रोजीं ब्रँडी स्टेशनजवळ उत्तरेचे स्वार पहांटे नदी उतरून स्टुअर्टच्या तळावर अचानक येऊन आदळले. आदल्याच दिवशीं तेथें स्टुअर्टच्या घोडदळाची थाटाची पाहणी झाली होती. दोन्ही बाजूंचे मिळून वीस हजारांच्या घरांत लोक दिवसभर झुंजले. या खंडावरील घोडदळाची ही सर्वांत मोठी लढाई. तलवारी खणाणल्या त्या विशेषेंकरून येथेंच. मैदान स्टुअर्टच्या हातीं राहिलें, परंतु उत्तरेचा स्वार त्या दिवसापासून बरोबरीचा ठरला.

तीनच आठवड्यांनीं गेटिसबर्ग आलें. १ जुलैच्या सकाळीं जॉन बफर्डनें तीन हजारांहून कमी स्वारांच्या बळावर गांवाच्या पश्चिमेस लीच्या पायदळाची बिनी थोपवून धरली. त्याचे लोक घोड्यावर नव्हतेच. चौघांपैकीं एकानें चारहि घोडे मागें धरून उभें राहावें आणि तिघांनीं कुंपणाआड बसून कराबिनी झाडाव्या, अशी रीत होती. या कराबिनी मागच्या बाजूनें भरावयाच्या असल्यामुळें आडवें पडूनहि बार भरतां येई. मागून पायदळ येईपर्यंत त्यांनीं उंचवट्याची जागा राखली. त्याच वेळीं लीचे डोळे म्हणविणारा स्टुअर्ट कोठें होता? शत्रूला वळसा घालण्याच्या नादांत तो वाटेंत पकडलेल्या सव्वाशें गाड्या घेऊन दूर भटकत होता. तो पोंचला दुसऱ्या दिवशीं दुपारीं. वळशाची जुनी कीर्ति या खेपेस अंगाशीं आली.

लांब पल्ल्याचा छापा ही विद्या उत्तरेलाहि साधली. त्याच वर्षीं एप्रिलांत बेंजामिन ग्रियर्सन सतराशें स्वार घेऊन टेनेसींतून निघाला आणि सोळा दिवसांत सहाशें मैल कापून, मिसिसिपी राज्य उभें चिरून लुइझियानांत उतरला. वाटेंत आगगाडीचे रूळ उखडले, आणि व्हिक्सबर्गवर चालून जाणाऱ्या ग्रँटच्या हालचालींवरून शत्रूचें लक्ष उडविलें. हा ग्रियर्सन पेशानें संगीतशिक्षक. लहानपणीं लाथ खाल्ल्यामुळें त्याला घोड्याचा तिटकारा होता! दक्षिणेंतील या कलेचा मोठा उस्ताद नेथन फॉरेस्ट. साधा शिपाई म्हणून भरती झालेला हा माणूस लेफ्टनंट जनरल झाला. त्याच्या डावपेचांची स्तुति करतांना तो गुलामांचा व्यापारी होता, आणि एप्रिल १८६४ मध्यें फोर्ट पिलो येथें त्याच्या लोकांनीं शरण येऊं पाहणाऱ्या कृष्णवर्णीय शिपायांची कत्तल केली, हें विसरतां येत नाहीं.

तोंवर दक्षिणेच्या शिलेदारीचा कस संपत आला होता. केंटकी, पश्चिम टेनेसी, मिसूरी हे घोड्यांचे मुलूख शत्रूच्या हातीं गेले. लीला हिवाळ्यांत चाऱ्यासाठीं आपलें घोडदळ दूरदूर पांगवावें लागे. आणि घोडा गमावलेला दक्षिण कॅरोलिनाचा स्वार व्हर्जिनियांतून घरीं जाऊन परत येई तों मोहीम संपून जाई. उलट उत्तरेच्या स्वाराच्या हातांत आतां स्पेन्सर कराबीन आली होती, तिच्या दस्त्यांत सात काडतुसें राहत. मे १८६४ मध्यें शेरिडन दहा हजार स्वारांनिशीं सरळ रिचमंडवर चालून गेला. यलो टॅव्हर्न येथें त्याला अडवितांना स्टुअर्टला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, तो वारला. एप्रिल १८६५ मध्यें घोडदळ खात्याचा पूर्वींचा मुख्य जेम्स विल्सन यानें फॉरेस्टनें राखलेली सेल्मा शहराची तटबंदी स्वारांना पायउतार करून जिंकली.

त्याच आठवड्यांत ली पश्चिमेकडे निघाला होता. ८ एप्रिलला कस्टरच्या स्वारांनीं अपोमॅटॉक्स स्टेशनावर त्याची रसदीची गाडी पकडली. ९ एप्रिलच्या सकाळीं लीच्या लोकांनीं वाट अडविणारे स्वार मागें रेटले, तों त्यांच्यापाठीं रात्रभर चालून आलेलें उत्तरेचें पायदळ दिसलें. शरणागतीच्या बोलण्यांत लीनें एक गोष्ट काढली : आमच्या सैन्यांत स्वार व गोलंदाज यांचीं जनावरें त्यांच्या स्वतःच्या मालकीचीं असतात. ग्रँटला ही पद्धत ठाऊक नव्हती. त्यानें तहाचीं कलमें बदललीं नाहींत. परंतु जो आपलें म्हणून घोडा किंवा खेंचर सांगेल त्याला तें घरीं नेऊं द्यावें, नाहीं तर हंगामाची पेरणी व्हावयाची नाहीं, असें त्यानें आपल्या अधिकाऱ्यांस बजावण्याचें कबूल केलें.

पश्चिमेच्या माळावर ही उदारता दिसली नाहीं. १८६६ सालीं घोडदळाचे रिसाले दहा झाले. त्यांतील नववा व दहावा कृष्णवर्णीय शिपायांचे. दहाव्याचा नायक तोच ग्रियर्सन. माळावरच्या जमातींचीं तट्टें नुसत्या गवतावर दौडत, म्हणून उन्हाळ्यांत दाण्यावर पोसलेला सरकारी घोडा त्यांना गांठूं शकत नसे. हिवाळ्यांत मात्र गवत संपून तीं अशक्त होत, आणि सरकारी घोड्याला गाड्यांतून दाणा मिळे. १८६८ च्या नोव्हेंबरांत वॉशिटा नदीकांठीं कस्टरनें बर्फांत छापा घातला, त्यामागें हाच हिशेब होता. २५ जून १८७६ रोजीं लिटल बिगहॉर्नवर तोच कस्टर दोनशेंहून अधिक लोकांसह गारद झाला, तो ऐन उन्हाळ्यांत.

परंतु दक्षिणेकडील माळाचा निकाल त्याच्या आधींच लागला होता. १८७२ सालीं कर्नल मॅकेंझीनें कोमान्चे लोकांचे घोडे पकडले होते, आणि रात्रींतून त्यांनीं ते परत पळवून नेले होते. हें त्याच्या लक्षांत होतें. २८ सप्टेंबर १८७४ रोजीं पहांटे तो टेक्ससमधील पॅलो डुरो दरींत उतरला. माणसें फारशीं मेलीं नाहींत. बहुतेक कड्यांवरून निसटलीं. परंतु चौदाशेंच्या आसपास घोडे त्याच्या हातीं लागले. कांहीं त्यानें आपल्या वाटाड्यांना दिले. उरलेल्या हजारांहून अधिक जनावरांना दुसऱ्या दिवशीं टूल दरीपाशीं नेऊन गोळ्या घालण्यांत आल्या. त्या हिवाळ्यांत टोळीमागून टोळी फोर्ट सिलच्या ठाण्याकडे शरण येऊं लागली, पुष्कळशी पायीं. आणि जून १८७५ मध्यें क्वाना पार्कर आपल्या उरल्यासुरल्या लोकांसह तेथें दाखल झाला.