आनंदीबाईंनी फिलाडेल्फिया का निवडले?

वैद्यक शिकावयाचे तर सातासमुद्रापलीकडे कशास जावयाचे, हा प्रश्न आनंदीबाई जोशी यांना घरीदारी विचारला जाई. त्याचे उत्तर त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयात जाहीर भाषणातून दिले. तेव्हा त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते!

हिंदुस्थानात सोयच नव्हती असे नाही. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात १८७५ पासून स्त्रियांना प्रवेश होता, इतर इलाख्यांत सुईणपणाचे वर्गही चालत. परंतु ते शिक्षण अपुरे, शिक्षक जुन्या वळणाचे आणि काहीसे मत्सरी, असे या मुलीने भरसभेत निर्भीडपणे सांगितले. फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली खास स्त्रियांसाठीच स्थापन झालेले होते. आपल्या देशभगिनी पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, हे कारण त्यांनी प्रवेशासाठीच्या पत्रात लिहिले. ते ऐकीव नव्हते. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत गेले होते.

११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली. त्या जागेवर रुजू होणे मात्र त्यांना साधले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्यांचे निधन झाले.