हातमोज्यांची दोन घराणी

घरी बीअर करायची तर हातमोजे कुठले घ्यायचे? प्रश्न पाच मिनिटांचा वाटतो. मी मात्र उत्तर शोधता शोधता पार ऑस्ट्रियाच्या डोंगरात आणि बाल्टिमोरच्या ऑपरेशन थिएटरात जाऊन आलो.

तर झालं असं. ऑनसाइटला कोलोरॅडोत असताना मी आणि माझा रूममेट गॅरेजमध्ये बीअर करायचो. (तिथे ते कायदेशीर आहे. आपल्याकडे परवान्याशिवाय दारू बनवणं हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा कोथरूडच्या बाल्कनीत प्रयोग नकोत!) माल्टचा गोड काढा, ज्याला 'वर्ट' म्हणतात, तासभर खळखळ उकळायचा. पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. एका शनिवारी भांडं उतरवताना काढा हिंदकळला आणि रूममेटच्या उजव्या हातावर सांडला. हातात मोजा होता, चांगला महागातला, केव्हलारचा, भट्टीचं तापमान सोसणारा. तरी हात भाजला. नुसता भाजला नाही, मोजा ओढून काढेपर्यंत भाजतच राहिला.

ते कसं काय झालं, हे मला बरेच दिवस छळत होतं.

गंमत म्हणजे जुन्या काळी मद्य करणाऱ्यांनी हा प्रश्न येऊच दिला नव्हता. धातूची मोठी भांडी परवडायची नाहीत, आणि लाकडी पिंप चुलीवर ठेवता येत नाही. मग दगड लालबुंद तापवायचे आणि चिमट्याने पिंपात सोडायचे. ऑस्ट्रियातल्या कारिंथिया भागात ही 'श्टाइनबीअर' विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत होत होती. हात आणि आग यांच्यामध्ये लांबलचक चिमटा, विषय संपला.

पुढे कारखाने आले आणि हात आगीजवळ गेला. ओतशाळा, काचकारखाने, प्रयोगशाळा, सगळीकडे अ‍ॅस्बेस्टॉसचे मोजे. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅस्बेस्टॉसचा धागा आणि मेसोथेलिओमा हा कर्करोग यांचा संबंध दाखवला, आणि पुढच्या काही दशकांत हे मोजे हळूहळू हद्दपार झाले. त्यांची जागा घेतली अरॅमिड धाग्यांनी. ड्यूपाँटमध्ये नोमेक्स आलं, मग १९६५ मध्ये तिथेच स्टेफनी क्वोलेक या बाईंनी केव्हलारचा धागा शोधला. वितळत नाही, सहजी पेटत नाही. भारीच काम!

पण हे सगळं घराणं कोरड्या उष्णतेचं. विणलेला मोजा हात वाचवतो तो मुख्यतः धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर. तो भिजला की हवेच्या जागी पाणी येतं, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहतं. वर गरम द्रव कातडीला चिकटून बसतो, आणि वर्टमध्ये साखर, म्हणजे अजूनच चिकट. हार्वर्डमध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी १९४७ मध्ये मोजलं होतं, की ६० अंशांचं पाणीसुद्धा पाचेक सेकंदांत कातडी खोलवर जाळतं. आमचा काढा तर शंभरीच्या जवळपास होता.

दुसरं घराणं रबराचं, आणि ते आगीशी संबंध नसलेल्या जागी वाढलं. १८८९ च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉलस्टेड या सर्जनच्या नर्सचे, कॅरोलाइन हॅम्प्टनचे, हात जंतुनाशकाने सोलवटले. त्याने गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करून घेतले. (१८९० मध्ये दोघांनी लग्न केलं. मोज्यांचा असा उपयोग आमच्या बॅचमध्ये कुणाला सुचला नाही :) ) १९३० मध्ये ड्यूपाँटमध्ये कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत निओप्रीन तयार झालं. हे मोजे पाणी आत येऊ देत नाहीत, बस्स. आपल्याला नेमकं तेच हवं होतं.

मग घरी बीअर करणारे चुकीच्या घराण्यात का शिरले? माझा अंदाज असा. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली तरी घरी बीअर करायला परवानगी नव्हती. जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ ला सही केली आणि १ फेब्रुवारी १९७९ पासून फेडरल कायद्यात ती मोकळी झाली. छंद स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये, मोठ्या बर्नरवर गेला, आणि लोकांनी शेजारच्या खुंटीवरचे वेल्डिंगचे, बार्बेक्यूचे मोजे उचलले.

पाकिटावरचा आकडाही फसवतो. युरोपच्या ईएन ४०७ या मानकात सहा चाचण्या आहेत: ज्योत, गरम वस्तूचा स्पर्श, गरम हवा, प्रारण, आणि वितळलेल्या धातूचे थोडे व जास्त शिंतोडे. उकळत्या पाण्याची एकही नाही. मोजा २५० अंश सोसतो म्हणजे तेवढा तापलेला कोरडा पृष्ठभाग पंधरा सेकंद धरता येतो. आपण मात्र २५० वाचतो आणि म्हणतो, १०० काय चीज आहे! म्हणजे युनिट टेस्ट सगळ्या पास, आणि प्रॉडक्शनला बोंब.

नंतर आम्ही निओप्रीनचे, आतून अस्तर असलेले, कोपराजवळ पोचणारे मोजे घेतले. एक साइज मोठेच, म्हणजे हात झटकला की निघावेत. प्रत्येक वेळी घालण्याआधी तोंड पिळून, आत हवा कोंडून भोक पडलंय का बघायचो. आणि भरलेलं भांडं उचलणं बंद केलं. खाली नळ लावून घेतला, काढा नळीने जातो. कारिंथियावाल्यांचा चिमटाच तो, दुसऱ्या रूपात.

रूममेटच्या मनगटावर अजून डाग आहे. केव्हलारचे मोजे तो बार्बेक्यूला वापरतो.