फियाट ५०० मधील इंजिनबदल

फियाट ५०० मधील इंजिनबदल म्हणजे इटलीतील फियाट कंपनीच्या १९५७ ते १९७५ या काळात निर्माण झालेल्या ‘नुओव्हा ५००’ या छोट्या मोटारीतील मूळ इंजिन काढून त्याजागी अन्य इंजिन बसविणे होय. अधिक शक्ती, सुट्या भागांची सुलभ उपलब्धता, शर्यती आणि अलीकडे विद्युतीकरण ही यामागील प्रमुख कारणे आहेत. हा बदल किती सोपा ठरेल हे नव्या इंजिनाच्या शक्तीपेक्षा त्याच्या मूळ मोटारीशी असलेल्या नात्यावर अधिक अवलंबून असते. एकाच घराण्यातील इंजिन फारशी मोडतोड न करता बसते. परके इंजिन मात्र शीतकरण, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सांगाडा या सर्वांचा फेरविचार करावयास लावते.

मूळ रचना

दान्ते जियाकोसा या अभियंत्याने रचना केलेली ही मोटार जुलै १९५७ मध्ये तोरिनो येथे सादर झाली. तिची लांबी सुमारे ३ मीटर आणि वजन सुमारे ५०० किलोग्रॅम होते. इंजिन मागील बाजूस असून त्यात शेजारी-शेजारी उभे असे दोन सिलिंडर होते. ते हवेने थंड होत असे. क्रँकशाफ्टवरील पट्ट्याने डायनॅमो फिरे आणि त्याच्या दांड्यावरील पंखा पत्र्याच्या आवरणातून सिलिंडरांवर हवा सोडत असे. रेडिएटर नसल्याने वजन व खर्च दोन्ही वाचले.

सुरुवातीचे इंजिन ४७९ सीसी क्षमतेचे आणि १३ अश्वशक्तीचे होते. मोटारीचा कमाल वेग ताशी सुमारे ८५ किलोमीटर होता. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हते, त्यामुळे गिअर बदलताना चालकास इंजिनाचा वेग स्वतः जुळवून घ्यावा लागे.

एकाच घराण्यातील इंजिने

फियाटने हेच दोन सिलिंडरांचे इंजिन पुढे टप्प्याटप्प्याने मोठे केले. पिस्टनचा स्ट्रोक ७० मिलिमीटर इतकाच ठेवून सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, वाढविण्यात आला:

- ४७९ सीसी (बोअर ६६ मिमी): ५०० ची प्रारंभीची आवृत्ती, १९५७
- ४९९.५ सीसी (बोअर ६७.४ मिमी): ५०० स्पोर्ट आणि त्यानंतरच्या डी, एफ व एल आवृत्त्या
- ५९४ सीसी (बोअर ७३.५ मिमी): फियाट १२६ व ५०० आर, १९७२
- ६५२ सीसी (बोअर ७७ मिमी): फियाट १२६ ची १९७७ नंतरची आवृत्ती आणि पांडा ३०
- ७०४ सीसी (बोअर ८० मिमी): फियाट १२६ बिस, १९८७

त्यामुळे १२६ चे ५९४ किंवा ६५२ सीसी इंजिन हा ५०० मधील सर्वाधिक प्रचलित पर्याय आहे. ५९४ सीसी इंजिनाची शक्ती २३ अश्वशक्ती, म्हणजे १९५७ च्या इंजिनाच्या पावणेदोन पट आहे. पोलंडमध्ये १२६ चे उत्पादन २००० सालापर्यंत चालू राहिल्याने तिचे सुटे भाग दीर्घकाळ मिळत राहिले. अनेक मालक इंजिनासोबत १२६ चा गिअरबॉक्सही घेतात, कारण त्यात वरच्या तीन गतींना सिंक्रोमेश आहे. अशा वेळी क्लच व चाकांकडे जाणारे दांडे यांची जुळणी स्वतंत्रपणे तपासावी लागते.

पांडा ३० चे इंजिन ३० अश्वशक्तीचे आहे. ते मूळ मोटारीत पुढील बाजूस बसविलेले असल्याने ५०० च्या मागील भागात आणताना काही जोडणी बदलावी लागते. बिसचे इंजिन मात्र आडवे झोपविलेले व पाण्याने थंड होणारे आहे. म्हणून याच घराण्यातील असूनही ते ५०० च्या इंजिनकक्षात सरळ बसत नाही. घराण्याचे नाते केवळ मापांचे नसून मांडणीचेही असते, हे या उदाहरणावरून दिसते.

कारखान्यांनी केलेले बदल

इंजिनबदल हा केवळ हौशी मालकांचा उद्योग नाही. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील श्टायर-डाइमलर-पुख कंपनीने १९५७ पासून फियाटच्या सांगाड्यात स्वतःचे ४९३ सीसीचे बॉक्सर इंजिन बसवून ‘श्टायर-पुख ५००’ ही मोटार विकली. बॉक्सर रचनेत दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असल्याने इंजिन अधिक समतोल चालते. याच मालिकेतील ६५० टीआर या मोटारीने सोबिएस्वाव्ह झासादा या पोलिश चालकाने १९६६ मध्ये युरोपीय रॅली स्पर्धेतील अजिंक्यपद मिळविले.

कार्लो आबार्थ यांच्या कंपनीने वेगळा मार्ग निवडला. तिने फियाटचेच इंजिन मोठे करून १९६३ मध्ये २७ अश्वशक्तीची ‘५९५’ आणि पुढील वर्षी ‘६९५’ ही मोटार तयार केली. या मोटारींत इंजिनावरील झाकण किंचित उघडे ठेवून अधिक हवा आत घेण्याची पद्धत रूढ झाली. खुद्द फियाटनेही ५०० आर या शेवटच्या आवृत्तीत १२६ चे ५९४ सीसी इंजिन वापरले. मात्र त्याची शक्ती १८ अश्वशक्तीपर्यंत घटविलेली होती आणि गिअरबॉक्स जुनाच होता.

तांत्रिक मर्यादा

शक्ती वाढविल्यावर मोटारीतील पुढचा कमकुवत दुवा उघड होतो. अल्प शक्तीसाठी आखलेले ड्रम ब्रेक वाढलेल्या वेगाला अपुरे पडतात, म्हणून पुढील चाकांना डिस्क ब्रेक बसविले जातात. गिअरबॉक्स व क्लच यांवरील ताण वाढतो. इंजिन मागील चाकांच्या मागे असल्यामुळे तेथील वजन वाढताच वळणावर मोटारीचा मागील भाग बाहेर ढकलला जाण्याची प्रवृत्ती बळावते.

पाण्याने थंड होणारे इंजिन बसविल्यास रेडिएटरसाठी जागा शोधावी लागते. तो पुढे ठेवल्यास संपूर्ण मोटारीखालून नळ्या न्याव्या लागतात आणि पुढील पत्रा कापावा लागतो. मोटारसायकलचे इंजिन हलके व शक्तिमान असते. परंतु त्याला सहसा उलट गती नसते आणि चाकांपर्यंत शक्ती नेण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा बनवावी लागते. ५०० ला वेगळी चौकट नसून तिचा पत्र्याचा सांगाडाच सर्व भार वाहतो. त्यामुळे असे कापकाम सांगाड्याच्या मजबुतीवर परिणाम करते.

विद्युत रूपांतर

विद्युत मोटर व बॅटरी बसविणे हा इंजिनबदलाचा नवा प्रकार आहे. मूळ गिअरबॉक्स अनेकदा कायम ठेवला जातो आणि बॅटऱ्या पुढील भागात, इंधनाच्या टाकीच्या जागी किंवा इंजिनकक्षात विभागून ठेवल्या जातात. इटलीत १ डिसेंबर २०१५ च्या २१९ क्रमांकाच्या मंत्रालयीन आदेशाने अशा रूपांतरासाठी मान्यताप्राप्त संचांची चौकट निश्चित केली.

कायदा आणि मूळपणाचा प्रश्न

इटलीच्या १९९२ च्या मार्गसंहितेतील कलम ७८ नुसार वाहनाच्या रचनेत बदल केल्यास तपासणी व नोंदणीपत्रातील दुरुस्ती आवश्यक असते. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल अशा बदलांवर निर्बंध आहेत.

कायद्याइतकाच वाद मूळपणाविषयी आहे. या मोटारीच्या ३८ लाखांहून अधिक प्रती तयार झाल्या. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिची एक प्रत आपल्या संग्रहात घेतली. मूळ इंजिनाचा संथ ठोका व हवेचा आवाज हे तिच्या ओळखीचे अंग आहे, असे जतनाचे समर्थक मानतात. आजच्या वाहतुकीत अल्प शक्तीची मोटार असुरक्षित ठरते आणि न वापरलेली मोटार गंजून नष्ट होते, असा बदलाच्या बाजूचा युक्तिवाद आहे. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तोरिनो सनदेत बदल शक्यतो परत फिरविता येण्याजोगे असावेत, असे तत्त्व आहे. १२६ चे इंजिन बसवून मूळ इंजिन जपून ठेवणे या तत्त्वात बसते; सांगाडा कापून केलेला बदल बसत नाही.

भारतातील समांतर उदाहरण

इटालियन सांगाडा आणि परके इंजिन यांची जोडी मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनेही जमविली. १९८५ मध्ये आलेल्या ‘११८ एनई’ या मोटारीचा सांगाडा फियाट १२४ वर आधारित होता, तर तिचे ११७१ सीसीचे ए१२ इंजिन जपानच्या निस्सानचे होते. ही मोटार ५०० पेक्षा बरीच मोठी असली, तरी सांगाडा व इंजिन यांची जुळणी कारखान्यातच झाल्याने ती श्टायर-पुखच्या उदाहरणाशी जवळची ठरते.