आधी निवड, मग आज्ञा : संगणकावर ‘अनेक’ निवडण्याचा इतिहास

१/ फोल्डरमधील पन्नास छायाचित्रे निवडावीत आणि एका कळीने पुसून टाकावीत, ही कृती आज कोणालाही विचार करावयास लावत नाही. तथापि ‘आधी निवड, मग आज्ञा’ हा क्रम आपोआप आलेला नाही. एका चुकीच्या कळीने अनेकांचे काम नष्ट होऊ शकते, या अनुभवातून तो घडला. त्या घडणीचा हा इतिहास.

२/ १९७१ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्स प्रणालीची पहिली आवृत्ती आकाराला आली. तिथे ना माउस होता, ना आयकॉन. टंकयंत्रासारख्या टर्मिनलवर आज्ञा टंकाव्या लागत. अनेक फायलींची नावे एकेक करून लिहिण्याऐवजी त्यांचे वर्णन करण्याची सोय युनिक्सने दिली. तारांकन (*) म्हणजे ‘या जागी काहीही चालेल’. या चिन्हाचा विस्तार करून नावांची यादी बनवणारा छोटा प्रोग्राम ‘ग्लॉब’ या नावाने ओळखला जाई. ‘ग्लोबल’चे ते लघुरूप होय.

३/ फायली दहा असोत वा दहा हजार, एक चिन्ह पुरेसे होते. धोकाही त्याच चिन्हात होता. ‘.ओ’ने संपणाऱ्या फायली पुसण्यासाठी ‘आरएम *.ओ’ असे लिहीत. तारांकनानंतर चुकून एक मोकळी जागा पडली, तर सुट्या तारांकनाचा अर्थ ‘सर्व फायली’ असा होई. त्या डिरेक्टरीतील महिन्यांचे काम क्षणात नाहीसे होई, आणि परत आणण्यासाठी कचरापेटीही नसे.

४/ संगणक आधी विचारत का नसे? कारण तारांकनाचा विस्तार आज्ञेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच होई. ‘आरएम’च्या हाती केवळ नावांची यादी पडे, वापरकर्त्याने ती नावे स्वतः लिहिली की एक चिन्ह टंकले, हे तिला कळतच नसे. एमएस-डॉसमध्ये (१९८१) तारांकन थेट ‘डेल’ या आज्ञेपर्यंत जाई. म्हणून सर्व फायली पुसण्याआधी डॉस ‘खात्री आहे ना?’ असे विचारू शके.

५/ दुसरा धडा कॅलिफोर्नियातील झेरॉक्स पार्क या संशोधनकेंद्रात मिळाला. तेथील आल्टो संगणकावर १९७४ च्या सुमारास ‘ब्राव्हो’ हा मजकूर-संपादक तयार झाला. त्याच्या दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत टंकलेली अक्षरे मजकुरात उमटत. दुसऱ्या अवस्थेत तीच अक्षरे आज्ञा ठरत.

६/ अवस्था विसरून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकला तर? ‘ई’ने संपूर्ण मजकूर निवडला जाई. ‘डी’ने तो पुसला जाई. ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची अवस्था सुरू होई, आणि ‘टी’ हे अक्षर उमटे. संपूर्ण दस्तऐवजाच्या जागी एकटे ‘टी’ उरे. संगणकाच्या इतिहासात हा किस्सा प्रसिद्ध आहे.

७/ लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थांविरुद्ध आयुष्यभर लढा दिला. त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ असे लिहिलेले असे. टिम मॉट यांच्यासह त्यांनी गिन या पाठ्यपुस्तक प्रकाशनसंस्थेसाठी ‘जिप्सी’ हा संपादक बनवला. त्यात अक्षरे टंकली की ती केवळ उमटत. माउसचे बटण दाबून ओढले की मजकूर निवडला जाई, आणि मग तो कापता वा चिकटवता येई.

८/ यामागील तर्क समजून घेण्यासारखा आहे. ‘पूस’ ही आज्ञा आधी दिली, तर ‘काय पुसू?’ या प्रश्नापाशी यंत्र अडून बसते. ती प्रतीक्षा हीसुद्धा एक अवस्थाच. याउलट वस्तू आधी निवडली, तर ती पडद्यावर ठळक होते. यंत्राला नेमके काय समजले, हे आज्ञा देण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते. चूक झाली असेल तर ती याच क्षणी सुधारता येते.

९/ मराठी भाषकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. युनिक्सची आज्ञा इंग्रजी वाक्याप्रमाणे क्रियापदाने सुरू होते. ‘हे कागद फाड’ या मराठी वाक्यात मात्र कर्म आधी येते आणि क्रियापद शेवटी. माउस व आयकॉन यांच्या संगणकाने नेमका हाच क्रम स्वीकारला.

१०/ १९८१ च्या झेरॉक्स स्टारच्या माउसला दोन बटणे होती : डावे निवडण्यासाठी, उजवे ती निवड वाढवण्यासाठी. किती बटणे असावीत आणि निवड कशी व्हावी, हे ठरवण्यासाठी झेरॉक्सने लोकांवर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या होत्या. टेस्लर १९८० मध्ये ॲपलमध्ये गेले. तेथील लिसा (१९८३) आणि मॅकिंटॉश (१९८४) यांच्या माउसला एकच बटण होते. त्यामुळे निवड वाढवण्याचे काम कळफलकावरील शिफ्ट कळीकडे आले.

११/ ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ बरोबर आजचा नियम घरोघरी पोहोचला : सलग फायलींसाठी शिफ्ट, विखुरलेल्यांसाठी कंट्रोल, सर्वांसाठी कंट्रोल आणि ‘ए’. पुसलेल्या फायली परत मिळाव्यात म्हणून ‘रिसायकल बिन’ही याच आवृत्तीत आली.

१२/ एक उणीव मात्र राहिली. शंभर फायली निवडल्यावर कंट्रोल कळ जरा सुटली आणि एक साधा क्लिक झाला, की सारी निवड वाया. विंडोज व्हिस्टाने (२००७) म्हणूनच प्रत्येक फाइलशेजारी खुणेचा चौकोन दाखवण्याचा पर्याय दिला.

१३/ स्पर्शपडद्याच्या फोनवर ना शिफ्ट आहे, ना कंट्रोल. बोट दाबून धरावे लागते, आणि मग एक वेगळी अवस्था सुरू होते : एरवी छायाचित्र उघडणारा स्पर्श आता ते निवडू लागतो. अँड्रॉइडच्या ३.० आवृत्तीने (२०११) या पद्धतीला नियमित रूप दिले. टेस्लर यांनी जिला हद्दपार करू पाहिले, ती अवस्था अशी परत आली.

१४/ पण ब्राव्होतील अवस्था विसरली जाई. ही डोळ्यांसमोर असते. प्रत्येक निवडलेल्या चित्रावर खूण उमटते, वरच्या पट्टीत एकूण संख्या दिसते. फेब्रुवारी २०२० मध्ये टेस्लर निवर्तले. कचरापेटीच्या चिन्हाला स्पर्श करण्यापूर्वी त्या आकड्याकडे जी एक नजर जाते, तेवढ्या अवधीसाठीच हा सारा खटाटोप झाला होता.