वाळवंटाचा किनारा

उर्दू गझला ऐकणाऱ्यांना ‘साहिल’ हा शब्द परका नाही. साहिल म्हणजे किनारा. हाच अरबी शब्द आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील पट्ट्याला मिळाला आणि त्याचे ‘साहेल’ झाले. वाळूच्या समुद्राचा हा किनारा सेनेगलपासून सुदानपर्यंत पसरला आहे. पाऊस जेमतेम, शेती ज्वारी-बाजरीची आणि जोडीला गुरे, शेळ्या, उंट.

१९६८ ते १९७३ या काळात इथे भीषण दुष्काळ पडला. माणसे मेली, गुरांचे कळप संपले. त्यानंतर, १९७५ मध्ये, ह्यू लॅम्प्रे या ब्रिटिश पर्यावरणतज्ज्ञाने सुदानमध्ये विमानातून आणि जीपमधून पाहणी केली. १९५८ च्या नकाशाशी ताडून त्यांनी सांगितले, की १७ वर्षांत वाळवंट ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकले आहे. म्हणजे वर्षाला सुमारे साडेपाच किलोमीटर! हा आकडा जगभर झाला. सहारा चालून येतो आहे, असे सगळे म्हणू लागले. ठपका आला तो गुराख्यांवर आणि शेतकऱ्यांवर. पण ही तुलना दोनच वर्षांची होती, आणि त्यातले दुसरे दुष्काळाच्या पाठोपाठचे होते.

वर्षानुवर्षे नजर ठेवायची तर ती आकाशातूनच. हिरवे पान सूर्यप्रकाशातला तांबडा रंग शोषून घेते आणि आपल्याला न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. या दोहोंतल्या फरकावरून जमिनीवर हिरवळ किती, हे उपग्रह सांगतो. अमेरिकेतील ‘नासा’चे कॉम्प्टन टकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामान उपग्रहांची १९८० ते १९९० ची अशी चित्रे तपासली. वर्षाला २०० मिलिमीटर पाऊस पडतो ती रेषा त्यांनी वाळवंटाची सीमा मानली. १९९१ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९८४ च्या दुष्काळात बरीच खाली आलेली सीमा पुढच्या एकाच वर्षात ११० किलोमीटर उत्तरेला गेली होती. ७,२४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक वाळवंट त्या वर्षी आटले!

वाळवंट फौजेसारखे चालून येत नव्हते, भरती-ओहोटीसारखे पुढे-मागे होत होते. म्हणून जमीन बिघडत नव्हती असे मात्र नव्हे. ती बिघडत होती, पण जागोजागी. गुरांच्या पाणवठ्यांभोवती, उघड्या पडलेल्या शेतांत. आणि उपग्रहाला हिरवळ दिसली, तरी ती चाऱ्याची की गुरे तोंड न लावणाऱ्या झुडपांची, हे जमिनीवर उतरूनच कळते.

नायजर देशातल्या माराडी आणि झिंडर भागांत तेच झाले. १९८० च्या दशकापासून तिथले शेतकरी शेतातल्या जुन्या खोडांना फुटणारे धुमारे छाटून टाकण्याऐवजी राखू लागले. पुढे विमानातून घेतलेली जुनी छायाचित्रे, उपग्रहांची नवी चित्रे आणि गावोगावची पाहणी एकत्र मांडली गेली. तेव्हा सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आल्याचा अंदाज निघाला. साहेलच्या ज्या शेतकऱ्यांच्या कुऱ्हाडीला जगाने बोल लावला होता, त्यांनीच ही झाडे राखली होती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)