बोलक्या वस्तू : लॅटिन भेटलेखांची परंपरा

युरोप-अमेरिकेतील संग्रहालयांच्या विक्रीदालनांत आणि अभिजात भाषांचे अध्ययन करणाऱ्यांच्या वर्तुळात लॅटिन वाक्ये छापलेले टी-शर्ट, कप, कापडी पिशव्या आणि पायपुसणी सर्रास दिसतात, आणि त्यांवरील मजकूर बहुधा गमतीचा असतो. शिलालेख, कायदा आणि धर्मविधी यांची भाषा म्हणून ज्या लॅटिनची ख्याती आहे, तिची ही अलीकडच्या हौशी मंडळींनी चालवलेली थट्टा आहे, असा समज त्यामुळे सहज होतो. उपलब्ध पुरावा या समजाला छेद देणारा आहे. रोजच्या वापरातील वस्तूवर दोन-चार शब्द घालून ती दुसऱ्याला देणे, आणि त्या शब्दांतून त्याला हसवणे, ही खुद्द रोमन समाजाची जुनी आणि सर्व थरांत रुळलेली रीत होती. आजच्या भेटवस्तू त्या रीतीच्या दूरच्या वारस आहेत.

या रीतीचे मूळ शोधू गेल्यास लॅटिन लेखनाच्या आरंभापर्यंत मागे जावे लागते. रोमच्या पूर्वेस असलेल्या प्राएनेस्ते, म्हणजे आजच्या पालेस्त्रीना, या गावाच्या नावाने ओळखली जाणारी सोन्याची एक वस्त्रपिन इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकाची मानली जाते, आणि लॅटिनच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांपैकी एक तिच्यावर कोरलेला आहे. आपल्याला मानिओसने नुमासिओससाठी घडवले, असे ती पिन प्रथमपुरुषी एकवचनात सांगते. १८८७ मध्ये ती विद्वानांसमोर आल्यानंतर तिच्या अस्सलपणाविषयी दीर्घकाळ वाद झाला, परंतु २०११ मध्ये जाहीर झालेल्या शास्त्रीय तपासणीने ती प्राचीनच असल्याचा निर्वाळा दिला. महाराष्ट्रात लग्नात भेट दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरण्याची जी पद्धत आहे, तिच्याशी या लेखाचे नाते उघड आहे. फरक इतकाच की येथे वस्तू स्वतःच बोलते. वस्तूला वाचा देण्याची ही युक्ती पुढे रोमन विनोदाच्या फार उपयोगी पडली, कारण माणसाने तोंडाने मागितल्यास जे आगाऊपणाचे ठरले असते, ते पेल्याने किंवा टोपीने मागितले की खपून जाई.

विनोदी भेटलेखाला खरा बहर आला तो सातुर्नालिया या सणात. शेती आणि सुबत्ता यांचा देव सातुर्न याच्या सन्मानार्थ १७ डिसेंबरला सुरू होणारा हा उत्सव प्रारंभी एका दिवसाचा होता आणि पुढे लोकव्यवहारात आठवडाभर लांबला. या काळात न्यायालये बंद असत, एरवी निषिद्ध असलेला जुगार खुलेआम चाले, मालक आणि गुलाम यांच्यातील अंतर तात्पुरते सैल होई, आणि नागरिक आपली औपचारिक तोगा बाजूला ठेवून सिंथेसिस नावाचा मेजवानीचा सैलसर पोशाख घालत. डोक्यावर पिलेउस, म्हणजे नमद्याची निमुळती टोपी, येई, जी एरवी मुक्त झालेल्या गुलामाची खूण मानली जाई. मेणबत्त्या आणि मातीच्या लहान बाहुल्या या सणाच्या ठरलेल्या भेटी होत्या, तथापि ऐपतीप्रमाणे चमच्यापासून चांदीच्या ताटापर्यंत काहीही दिले जाई.

भेटीसोबत कोडे घालण्याची हौस थेट सम्राटापर्यंत पोहोचली होती. चरित्रकार सुएतोनियस याने नमूद केले आहे की ऑगस्टस सणाच्या दिवशी कधी वस्त्रे, सोने आणि चांदी वाटत असे, तर कधी केसांचे जाडेभरडे कापड, स्पंज, विस्तव सारण्याच्या सळ्या आणि चिमटे यांसारख्या क्षुल्लक वस्तू देई, आणि त्यांवरील चिठ्ठ्यांत मुद्दामच गूढ आणि दुअर्थी मजकूर असे. पेत्रोनियसच्या ‘सातिरिकॉन’ या पहिल्या शतकातील कथनात त्रिमाल्किओ नावाचा नवश्रीमंत मेजवानीत अशाच चिठ्ठ्या काढायला लावतो, आणि चिठ्ठीवरील भारदस्त शब्दांतून श्लेषाने भलतीच किरकोळ वस्तू पाहुण्याच्या हाती पडते. दरबारातील खेळ आणि त्या खेळाची नक्कल या दोन्हींत भेटलेख आढळतो, यावरून त्याचा प्रसार किती असेल याची कल्पना येते.

या प्रथेला साहित्याचे रूप दिले ते मार्कुस वालेरियुस मार्तियालिस, म्हणजे मार्शल, या कवीने. हिस्पानिया प्रांतातील बिल्बिलिस या गावी जन्मलेला हा कवी इ. स. ६४ मध्ये रोमला आला, आणि पहिल्या शतकाच्या नवव्या दशकात त्याने सातुर्नालियासाठी दोन छोटी पुस्तके प्रसिद्ध केली. पहिल्याचे नाव ‘क्सेनिया’, म्हणजे पाहुण्यांना द्यायच्या भेटी. यातील बहुतेक रचना खाद्यपेयांवर आहेत. दुसऱ्याचे नाव ‘आपोफोरेता’, म्हणजे मेजवानीनंतर पाहुण्यांनी घरी न्यायच्या वस्तू. यात सव्वादोनशेच्या आसपास रचना आहेत आणि जवळजवळ प्रत्येक रचना दोनच ओळींची आहे. प्रत्येकीच्या वर वस्तूचे नाव मथळा म्हणून दिलेले असून, ज्याला कविता नको असेल त्याने नुसते मथळे वाचावेत, अशी मुभा कवीनेच दिली आहे. श्रीमंताची भेट आणि गरिबाची भेट यांच्या जोड्या आलटून पालटून लावण्याची मूळ योजना होती, जेणेकरून सोडतीत कोणाच्या वाट्याला काय येईल याची उत्सुकता टिकून राहावी. आपले ‘क्सेनिया’ हे पुस्तक चार सेस्तेर्तियुसना मिळते, दोन नाण्यांना विकले तरी त्रिफोन या पुस्तकविक्रेत्याला नफाच होईल, आणि ज्याच्या गाठीला पैसा नाही त्याने भेटीऐवजी या द्विपदीच पाठवाव्यात, असेही तो सुचवतो. या सूचनेतून भेट आणि तिच्यावरचा मजकूर यांचे नाते उलटे होते, कारण वस्तू नसली तरी मजकूर पुरेसा ठरतो.

‘आपोफोरेता’तील वस्त्रांवरील द्विपदींत मार्शलची हातोटी विशेष स्पष्ट दिसते. नमद्याच्या टोपीवरील रचनेत देणारा कबूल करतो की जमले असते तर त्याने आख्खा झगाच पाठवला असता, तूर्त मात्र डोक्यापुरतीच भेट आहे. बोकडाच्या केसांपासून विणलेल्या किलिकियाच्या पायमोज्यांविषयी तो सांगतो की हे लोकरीने दिलेले नाहीत, उग्र वासाच्या बोकडाच्या दाढीचे देणे आहे. चामड्याच्या डगल्यावरील ओळी, आकाश निरभ्र असले तरी हा डगला बरोबर असू द्यावा, असा व्यवहारी सल्ला देतात, तर फणीवरील ओळी विचारतात की घेणाऱ्याच्या डोक्यावर केसच नसतील तर इतक्या दातांच्या या लाकडाने करायचे काय. या विनोदात वस्तूचे साधे वर्णन, देणाऱ्याची ऐपत आणि घेणाऱ्याची व्यंगे अवघ्या दोन ओळींत एकमेकांना भिडतात. कमी शब्दांत बरेच सामावून घेणारी लॅटिनची विभक्तिप्रधान घडण या कामी कवीला साथ देते, कारण शब्दांचा क्रम हवा तसा फिरवून थट्टेचा शब्द अगदी शेवटपर्यंत राखून ठेवता येतो.

अशा मजकुराची रुची कवी आणि दरबार यांच्यापुरती मर्यादित नव्हती, हे उत्खननांनी दाखवून दिले आहे. लंडनमध्ये ब्लूमबर्ग कंपनीच्या इमारतीच्या जागी २०१० ते २०१४ या काळात झालेल्या उत्खननात, वॉलब्रुक या बुजलेल्या नदीच्या ओलसर मातीत, दोनशेहून अधिक लोखंडी लेखण्या सापडल्या. मेण लावलेल्या लाकडी पाटीवर अक्षरे ओरखडण्यासाठी वापरली जाणारी ही टोकदार लेखणी रोमन व्यापाऱ्याच्या आणि कारकुनाच्या हातात सदैव असे. त्यांपैकी इ. स. ७० च्या सुमाराच्या एका लेखणीवरील गंज संवर्धकांनी काढला तेव्हा तिच्या चारही बाजूंवर अत्यंत बारीक अक्षरांत कोरलेला मजकूर उघड झाला, आणि रॉजर टॉमलिन या लेखविद्येच्या अभ्यासकाने तो वाचल्यावर २०१९ मध्ये तो सर्वांसमोर आला. आपण शहरातून आलो असून आठवण राहावी म्हणून टोकदार अशी प्रिय भेट आणली आहे, असे सांगून तो मजकूर पुढे म्हणतो की वाट जितकी लांब आणि थैली जितकी रिकामी, तितक्याच उदारपणे देता यावे अशी इच्छा आहे. महानगरात जाऊन आलेल्या माणसाने घरच्यांसाठी आणलेली ही स्वस्त वस्तू आहे, आणि तिच्यावरची थट्टा मार्शलच्या पुस्तकांच्या निदान दशकभर आधीची आहे. कवीने ही तऱ्हा निर्माण केली नाही, लोकांत रूढ असलेली तऱ्हा घासूनपुसून उजळली, हे या एका लेखणीवरून म्हणता येते.

इतर प्रांतांतील वस्तू याच निष्कर्षाला बळकटी देतात. जर्मनीतील ट्रिअर येथे तिसऱ्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे शंभर वर्षे काळ्या झिलईचे पेले तयार होत, ज्यांवर द्राक्षवेलींच्या नक्षीसोबत पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘बिबे’ म्हणजे पी, ‘रेप्ले’ म्हणजे पुन्हा भर, ‘दा मेरुम’ म्हणजे निखळ मद्य दे, ‘पार्के आक्वाम’ म्हणजे पाणी बेताने घाल, असे शब्द रंगवलेले असत. रोमन लोक मद्यात पाणी मिसळून पीत असल्याने या शेवटच्या सूचनेत यजमानाच्या काटकसरीवर कोपरखळी आहे. हे पेले ब्रिटनपर्यंत विकले जात, म्हणजे विनोदी मजकुराचा माल तयार करून दूरवर पाठवणारा बाजार तेव्हाही होता. गॉलच्या पूर्व भागात, ओतँच्या परिसरात, शिस्ट नावाच्या दगडाची चातीची चकती, म्हणजे सूत कातताना चातीला वजन देणारी लहान चकती, स्त्रियांना भेट दिली जाई, आणि तिच्यावर ‘आवे दोमिना सितिओ’ म्हणजे बाईसाहेब नमस्कार, तहान लागली आहे, अशा धर्तीची छेडछाड कोरलेली असे. यांपैकी काही चकत्यांवर लॅटिन आणि स्थानिक गॉलिश भाषा एकाच वाक्यात मिसळलेल्या आहेत. सैनिकांच्या कमरपट्ट्यांवर धातूची अक्षरे एकेक करून जडवलेली आढळतात आणि ती जोडून वाचली असता ‘ऊतेरे फेलिक्स’, म्हणजे सुखाने वापर, ही शुभेच्छा तयार होते; अंगावर लॅटिन वागवण्याचा हा प्रकार टी-शर्टाच्या सतरा-अठरा शतके आधीचा आहे.

साम्राज्य लयाला गेल्यावर आणि लॅटिन घराघरांतून हटून मठ, विद्यापीठे आणि न्यायसभा यांच्यापुरती उरल्यावर या मजकुराचा श्रोता बदलला. सोळाव्या शतकातील इटलीत ‘इंप्रेसा’ नावाचा प्रकार लोकप्रिय झाला, ज्यात एक चित्र आणि त्याला पूरक असे आखूड वाक्य झग्यावर, टोपीवर किंवा ध्वजावर मिरवले जाई. पाओलो जोवियो याच्या १५५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संवादग्रंथात या प्रकाराचे नियम दिलेले आहेत: वाक्य फार गूढ नसावे, पण कोणाही सामान्याला चटकन उमगेल इतके उघडही नसावे, आणि ते शक्यतो धारण करणाऱ्याच्या मातृभाषेहून वेगळ्या भाषेत असावे. ट्रिअरचा पेला गुत्त्यातील वाचता येणाऱ्या कोणालाही कळत असे, इंप्रेसा मात्र निवडकांनाच कळावी अशी रचलेली होती. अंगावरचे लॅटिन ही शिक्षणाची ओळखखूण येथून बनली.

विसाव्या शतकातील विनोद याच वळणावरून पुढे गेला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांनी प्रवेशासाठीची लॅटिनची सक्ती १९६० मध्ये उठवली, परंतु तोवर इंग्लंडमधील शाळकरी मुलांच्या पिढ्यान् पिढ्या व्याकरणाच्या घोकंपट्टीतून गेल्या होत्या, आणि त्या घोकंपट्टीतून खोट्या लॅटिनचा विनोद जन्मला. दुसऱ्या महायुद्धात पसरलेले ‘इल्लेगितिमी नोन कार्बोरुंदुम’ हे वाक्य, हरामखोरांना आपल्याला झिजवू देऊ नकोस, या अर्थाने वापरले जाते. त्यातील शेवटचा शब्द प्रत्यक्षात घासण्याच्या एका औद्योगिक पदार्थाचे व्यापारी नाव आहे, पण संस्कृतातील ‘कर्तव्य’सारख्या विध्यर्थी कृदंताचा जो लॅटिन प्रत्यय, त्याच्याशी त्याचा शेवट जुळत असल्याने तो अस्सल भासतो. १९७९ च्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’ या चित्रपटात रोमन अधिकारी भिंतीवर घोषणा लिहिणाऱ्या बंडखोराचे व्याकरण सुधारून देतो, आणि सुधारलेली ती घोषणा आजही टी-शर्टांवर विकली जाते. पाँपेई येथील ‘शोकांत कवीचे घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या उंबऱ्यातील, कुत्र्यापासून सावध करणारे ‘कावे कानेम’ हे शब्द पायपुसण्यांवर आले, तेव्हा एक अस्सल रोमन मजकूर आपल्या मूळ जागी, दाराशी, परतला.

प्राचीन आणि आधुनिक भेटलेखांत अंतर आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. प्राचीन लेख बहुधा चालू बोलीत लिहिलेला आणि वाचता येणाऱ्या कोणालाही उमगणारा होता, तर आधुनिक लेख शिकून मिळवलेल्या भाषेत असल्याने शिकलेल्यांना एकत्र बांधतो आणि इतरांना बाहेर ठेवतो. असे असले तरी लॅटिनच्या अध्यापनात या मजकुराला आज मिळते त्याहून बरेच मानाचे स्थान मिळायला हवे. सेनापतींची भाषणे आणि कायद्याची कलमे यांतून राज्यकर्त्या वर्गाची लॅटिन कळते. रिकाम्या थैलीची लेखणी, पाणी कमी मागणारा पेला आणि दोन भाषांची सरमिसळ करणारी चकती यांतून कारकून, गुत्तेवाले आणि सूत कातणाऱ्या स्त्रिया यांची लॅटिन कळते, आणि भाषेचे आयुष्य तोलायचे झाल्यास हा दुसरा पुरावा पहिल्याइतकाच वजनदार आहे. गमतीचे वाक्य असलेला कप हाती घेऊन जो विद्यार्थी त्या वाक्याची विभक्ती आणि लकार तपासू लागतो, तो या भाषेच्या बाहेरच्या अंगणात रेंगाळत नसतो. ज्या अंगाने ती भाषा शतकानुशतके सामान्यांच्या तोंडी राहिली, त्याच अंगाने तो तिच्यात शिरत असतो.