ऐकून घेतलेली विद्या

गुरूच्या पायाशी बसल्यावाचून विद्या येत नाही, असे पुष्कळांचे मत आहे. गिरणीच्या फाटकावर शहाणे झालेल्या माझ्यासारख्याला ते पटत नाही. धुळे-अमळनेरच्या गिरण्यांत साच्यावर आलेला नवा पोरगा जुन्या विणकराचा हात पाहूनच शिके.

गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) घ्या. कोल्हापूरच्या देवल क्लबात त्यांचा कान तयार झाला, भास्करबुवा बखल्यांची साथ करताना पुष्कळ मिळाले. अल्लादियाखांसाहेबांनी मात्र त्यांना समोर बसवून शिकविले नाही; मैफली ऐकूनच टेंब्यांनी ती गायकी पेटीत आणली. आणि पेटीत तर मींड निघत नाही! बोटांची सफाई आणि भात्याचा दाब, एवढ्यावरच तिचा भास करायचा.

माउथ ऑर्गनमध्येही पेटीसारख्याच धातूच्या पट्ट्या असतात. शिकागोचा लिटल वॉल्टर (१९३०-१९६८) नुसत्या श्वासाने त्यांचा सूर वाकवी. सनी बॉय विल्यमसनचे वादन हा त्याचा आरंभीचा धडा. दक्षिणेतून कारखान्यांत आलेले कृष्णवर्णी मजूर त्याचे श्रोते होते.

इकडे मींड व श्रुती नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दार लावले. ते १९७१ मध्ये थोडे किलकिले झाले. टेंबे त्याआधीच गेले होते.